क्रमांक चाळीस सापडत नाही

दुसऱ्या शनिवारची सुट्टी होती. सकाळी साडेनऊ वाजता धम्मानंद रामटेके शर्ट खोचून, पट्टा आवळून जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉपसमोर बसले होते. शेजारी वही होती आणि दोन पेनं होती. त्यातलं एक चालत नव्हतं, पण वर्गात दोन पेनं घेऊनच बसावं या मताचे ते होते.

"बाबा, ऑनलाइन क्लास आहे," त्यांची मुलगी अस्मिता फुलकोबी चिरता चिरता म्हणाली. "लुंगीवर बसलं तरी चालतं. हर्षा मॅडमला तुम्ही दिसत नाही."

"मले तं दिसतो ना मी," धम्मानंद म्हणाले.

पडद्यावर हर्षा मॅडम सरासरी शिकवत होत्या. तेवढ्यात दाराची बेल वाजली. धम्मानंदांनी हात वर केला आणि "एक मिनिट, मॅडम" म्हणाले. मॅडम बोलतच राहिल्या. तेव्हा जरा नाराज होऊन त्यांनी बटण दाबून त्यांना थांबवलं, कुरियरवाल्याला शेजारचं घर दाखवलं आणि परत येऊन बसले.

"रेकॉर्डिंग आहे ते, बाबा. परवानगी कोणाला मागता?"

"असन रेकॉर्डिंग. शिकवताना उठून जाणं बरं नाही दिसत."

अस्मिता नागपुरातल्या सदर भागातल्या एका सरकारी महाविद्यालयात भूगोल शिकवत असे. शिवाय ती ऑनलाइन अभ्यासक्रमांची समन्वयक होती, कारण समन्वयक निवडायच्या बैठकीला ती दहा मिनिटं उशिरा पोचली होती. 'सांख्यिकीची तोंडओळख' या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला किमान चाळीस विद्यार्थी लागत. जानेवारीत शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता एकोणचाळीस झाले होते. बारावी पास असलेल्या कोणालाही, कोणत्याही वयात प्रवेश होता. अस्मिताने घरी फोन करून बाबांचा आधार क्रमांक विचारला आणि चाळिसाव्या ओळीत त्यांचं नाव भरलं. "फक्त नाव आहे, तुम्ही काही करायचं नाही," असं तिने तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं.

"नाव आहे तं हजेरी आलीच," धम्मानंद म्हणाले होते.

हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या हजेऱ्या लावत आला होता. शेवटची दहा वर्षं मौद्याच्या वीजकेंद्रावर एका कंत्राटदाराच्या टाइम ऑफिसात काढली. फाटकाजवळची एक खोली, एक खिडकी, आणि खिडकीतून आत येणारे कामगारांचे हात. कोण आला, कोण नाही आला आणि काहून नाही आला, हे धम्मानंदांना पाठ असे. निवृत्तीनंतर ते नागपूरला अस्मिताजवळ राहायला आले. आईच्या मागे घरात दोघंच. हजेरी लावायला माणूस उरला नव्हता. त्यामुळे ते पहाटे उठून गच्चीवर जात आणि तासभर फोनवर बोलत. मौद्याच्या जुन्या सोबत्यांशी गप्पा चालल्या असतील, असं अस्मिता धरून चालली होती.

"हे पाह्य," त्या शनिवारी लॅपटॉप मिटून ते म्हणाले, "घरात आपण दोघं. भाजी एक किलो. म्हणजे सरासरी माणशी अर्धा किलो. पण तू तं कोबी खातच नाही. मंग पुरा किलो माह्या पोटात गेला, अन् कागदावर तुह्याही पोटात अर्धा किलो. सरासरी खोटं बोलते वं."

"बाबा, मला पेपर तपासायचे आहेत."

"तपास ना. मी कुठं धरून ठेवलं तुले?"

त्या दिवशी याहून वेगळं काही घडलं नाही. संध्याकाळी कूलर बाहेर काढायचा की होळीनंतर काढायचा, यावर थोडी वादावादी झाली. रात्री कोबीचीच भाजी उरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना गच्चीवरून खाली यायला उशीर झाला, म्हणून अस्मिता वर गेली. ते खुर्चीत बसलेले होते. शर्ट खोचलेला होता.

पुढचं सगळं पुण्याहून आलेल्या तिच्या धाकट्या भावाने, विहंगने केलं. नातेवाइकांना फोन त्यानेच केले. कॉलेजच्या ग्रुपवर मुख्य लिपिक भैय्याजींनी 'अस्मिता मॅडम यांच्या वडिलांचे दुःखद निधन' असं टाकलं आणि खाली पासष्ट जणांनी हात जोडले. घरी येणाऱ्या प्रत्येकाला आधीच माहीत असे. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बोलायचं कामही विहंगनेच घेतलं. त्यामुळे ते तीन शब्दांचं वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हणायची वेळ अस्मितावर आली नाही. बाराव्या दिवशी ती कामावर गेली. स्टाफरूममध्ये दोन मिनिटं स्तब्धता पाळण्यात आली. तिच्या बाबांचं नाव काय होतं, हे मात्र कोणी विचारलं नाही. लोक सहसा विचारत नाहीत.

त्याच दुपारी तिच्या संगणकावर 'मागोवा' या सरकारी संकेतस्थळाचा निरोप आला. प्रत्येक विद्यार्थी शिकतो का, शिकून पुढे काय करतो, याचा माग ठेवण्यासाठी शासनाने ही सोय केली होती. निरोप असा होता : 'आपला विद्यार्थी क्रमांक ४०, धम्मानंद रामटेके, बारा दिवस वर्गात आलेला नाही. मार्गदर्शकाने तातडीने संपर्क साधावा.' मार्गदर्शक अस्मिता होती.

खाली कारणांची यादी होती. नोकरी लागली. विवाह झाला. स्थलांतर. अभ्यासात रस नाही. फोन लागत नाही. अस्मिताने यादी तीनदा वाचली. शेवटी 'इतर कारणाने कमी झाला' असाही एक पर्याय होता. तिने त्याच्यावर बोट ठेवलं, तर लाल अक्षरांत सूचना आली : 'विद्यार्थीसंख्या ३९ होईल. अभ्यासक्रम पुढील वर्षी बंद होईल.'

अभ्यासक्रम बंद म्हणजे हर्षा घरी. हर्षा तासिका तत्त्वावर होती, आणि तिच्या सगळ्या तासिका या एकाच अभ्यासक्रमाच्या होत्या. तेवढ्यात ती स्वतःच चहाचे दोन कप घेऊन आली.

"मॅडम, आल्या आल्या काय काम काढलं? घरी बसायचं होतं अजून दोन दिवस."

"काही नाही. एक फोन लागत नाहीये," अस्मिता म्हणाली आणि तिने तो पर्याय निवडला.

हे खोटंही नव्हतं. बाबांचा फोन घरी कपाटात बंद पडलेला होता.

तीन दिवसांनी संकेतस्थळाने पुन्हा विचारलं. अस्मिताने पुन्हा 'फोन लागत नाही' असं कळवलं. तिसऱ्या वेळेला संकेतस्थळाने तिला विचारायचं सोडून परस्पर प्राचार्यांना कळवलं, की आपला एक विद्यार्थी गळतीच्या उंबरठ्यावर आहे आणि मार्गदर्शकाला तो सापडत नाही. प्राचार्यांनी दुसऱ्या दिवशी बैठक बोलावली.

"एक माणूस सापडत नाही म्हणजे काय?" प्राचार्य म्हणाले. "मॅडम, तुमच्याच आडनावाचा आहे हा. ओळखीचा आहे का?"

अस्मिता सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात भैय्याजी म्हणाले, "सर, कॉलेजात चौदा रामटेके हायेत. पोर्चमध्ये उभं राहून 'रामटेके' म्हणून हाक मारा, सायकल स्टँड रिकामा होते."

प्राचार्यांना ते पटलं. त्यांनी तिथल्या तिथे शोधसमिती नेमली. हर्षा आणि भैय्याजी सदस्य, निमंत्रक अस्मिता रामटेके. आठ दिवसांत विद्यार्थ्याच्या पत्त्यावर जाऊन अहवाल द्यायचा होता. बाहेर आल्यावर भैय्याजींनी आवाज खाली केला.

"मॅडम, घाई करू नका. जोवर शोध चालू, तोवर चाळीस. शोध संपला का एकोणचाळीस. सरकारी कामात शोधाएवढी सेफ गोष्ट नाही."

आधार कार्डावर पत्ता अजून मौद्याचाच होता. बुधवारी समिती कॉलेजच्या जीपने निघाली. उन्हं तापायला लागली होती. भैय्याजी पुढे बसले आणि मागे वळून हर्षाला विचारत राहिले, की हे 'प्रमाण विचलन' म्हणजे पोरं वाया जायचं प्रमाण का. अस्मिता खिडकीबाहेर बघत होती. हा रस्ता तिच्या ओळखीचा होता. बाबांना भेटायला ती कितीदा आली होती; घरापर्यंतच, फाटकाशी कधी नाही. आज ती त्यांचा पत्ता शोधायला चालली होती, आणि हातात तशी ऑर्डर होती, जावक क्रमांकासह.

वीजकेंद्राच्या फाटकासमोर अंजनाबाईंची चहाची टपरी होती. भैय्याजींनी फाइल उघडली.

"बाई, इथं धम्मानंद रामटेके नावाचा विद्यार्थी राहते का?"

"विद्यार्थी?" अंजनाबाईंनी गाळणी झटकली. "धम्मानंद रामटेके एकच होते इथं. टाइम ऑफिसचे बाबूजी. विद्यार्थी त्याइचा नातू असन."

"वय काय असन त्याइचं?"

"पासष्ट-सहासष्ट."

भैय्याजींनी लिहून घेतलं. हर्षा म्हणाली, "भैय्याजी, सहासष्ट वर्षांचा विद्यार्थी?"

"मॅडम, आपल्याकडे बी.ए. पार्ट टूले एक हाये. तो माह्या वरातीत नाचला होता."

"बाबूजी लई कडक," अंजनाबाई सांगू लागल्या. "सकाळच्या पाळीले एक मिनिट उशीर झाला का खिडकी बंद. अन् मंग स्वतःच बाहेर येऊन विचारत, काहून गा उशीर झाला, लेकरू बिमार हाये का? आता नागपूरले रायते, पोरीपाशी. पोरगी कॉलेजात मास्तरीण हाये म्हणे. दोन कप चहा होईपर्यंत तिचंच सांगत बसे."

"कोणत्या कॉलेजात?" भैय्याजींनी विचारलं.

"ते नाही मालूम. त्याइनं कॉलेजचं नाव कधी घेतलंच नाही. नुसतं पोरगी, पोरगी."

अस्मिताच्या कपातल्या चहावर साय धरली होती. ती तिने फुंकर मारून बाजूला केली, परत आली, परत बाजूला केली. हर्षाने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग स्वतःचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "चला भैय्याजी, ऊन वाढतंय." परत आल्यावर जीपमधून उतरताना तिने अस्मिताची पर्स उचलून तिच्या हातात दिली, एवढंच.

भैय्याजींचा अहवाल दीड पानी होता. 'सदर विद्यार्थी परिसरात लोकप्रिय असून वक्तशीर आहे. सध्या नागपूर येथे मुलीकडे वास्तव्यास असल्याचे समजते. मुलगी शिक्षिका आहे. प्रथम मुलीचा शोध घेणे इष्ट.' प्राचार्यांनी समासात 'मान्य' लिहिलं आणि धम्मानंद रामटेके यांच्या मुलीला शोधून काढण्याची जबाबदारी शोधसमितीच्या निमंत्रक अस्मिता रामटेके यांच्यावर टाकली.

निमंत्रकांनी आदेशाची पोच सही करून दिली.

एवढ्यात एक नवीनच प्रकार सुरू झाला. पहिले सहा आठवडे 'सांख्यिकीची तोंडओळख' विभागात पहिल्या क्रमांकावर होतं. चाळीसपैकी छत्तीस-सदतीस जण रोज वर्गात येत. सातव्या आठवड्यापासून आकडा एकदम कोसळला. पंचवीस, सतरा, अकरा. संकेतस्थळावर तो आलेख असा दिसे, की जणू गच्चीवरून कोणी घागर सोडली आहे. प्राचार्यांनी घाम पुसला. आता बाकीच्यांनाही फोन करणं भाग होतं.

अस्मिताने क्रमांक सतराला फोन लावला. पिंकी. गांधीबागेत कापडाच्या होलसेल दुकानात काम करणारी, बारावी पुन्हा देऊन पास झालेली पोरगी.

"पिंकी, तू लेक्चर का पाहत नाहीयेस?"

"मॅडम, मले वाटलं कोर्सच बंद झाला," पिंकी म्हणाली. मागे कोणीतरी कापडाचं थान आपटत होतं. "टाइम ऑफिसचा फोनच नाही येऊन राहिला ना."

"कोणतं टाइम ऑफिस?"

"आपल्या कॉलेजचं. सकाळी सहाले फोन येते ना सगळ्याइले. 'क्रमांक सतरा, उठली का वं? काल भाग चार अर्धाच सोडला तू. दुकानात जायच्या अगोदर पुरा कर.' असं. नाही उठलं का पाच मिनिटानं परत फोन."

अस्मिताने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी एक दिवस म्हटलं, सर, मले सरासरीच समजत नाही. तं म्हणे, मलेही नव्हती समजली, थांब, सांगतो. मंग त्याइनं फुलकोबीचं सांगितलं. एकदम डोक्यात बसलं. हर्षा मॅडमले सांगू नका हं. मॅडम, ते सर रिटायर झाले का?"

"मी... विचारून सांगते," अस्मिता म्हणाली.

तिने क्रमांक अठराला फोन लावला, मग एकोणिसाला. हर्षाने पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप केला होता. बाबांनी नंबर तिथूनच घेतले होते. कोणी कुठवर पाहिलं, हे संकेतस्थळावरच्या प्रगतीच्या फळ्यावर सगळ्यांनाच दिसे. क्रमांक बाविसाच्या आईशीही बाबा बोलले होते. क्रमांक एकतीसला रिक्षा चालवताना ऐकायला बरं पडावं, म्हणून एक अख्खा धडा फोनवर वाचून दाखवला होता. "मी टाइम ऑफिसातून बोलून राहिलो," एवढीच ओळख. तेवढी त्यांना पुरेशी वाटली असावी. पोरांनाही वाटली. कॉलेजात असं काहीतरी असतं, असं सगळ्यांनी धरलं होतं. सदतीस फोन झाल्यावर अस्मिताने गच्चीवरच्या त्या एका तासाचा हिशेब मांडून पाहिला. माणशी दीड मिनिट. सरासरी.

पुढच्या सोमवारी संचालनालयाचं पत्र आलं. विद्यार्थ्यांना परस्पर पाठवलेल्या प्रश्नावलीत 'अभ्यास करण्यास सर्वाधिक मदत कशाची झाली?' असा एक प्रश्न होता. चित्रफिती, पुस्तकं, शिक्षक, इतर. एकतीस जणांनी 'इतर'समोर 'टाइम ऑफिस' असं लिहिलं होतं. हा उपक्रम राज्यभर राबवता येईल का, हे पाहण्यासाठी सुमती आगलावे या अधिकारी गुरुवारी महाविद्यालयाच्या टाइम ऑफिसला भेट देणार होत्या. आलेख एकदम का घसरला, हेही त्यांना समजून घ्यायचं होतं. त्यावरच अभ्यासक्रमाचं पुढचं ठरणार होतं.

प्राचार्यांनी पत्र दोनदा वाचलं. "भैय्याजी, आपल्याकडे टाइम ऑफिस आहे?"

"परवापर्यंत होईल, सर."

जिन्याखाली एक अडगळीची खोली होती. गॅदरिंगच्या नाटकातला पुठ्ठ्याचा किल्ला, तीन पायांची बाकं आणि जुन्या उत्तरपत्रिका तिथून बाहेर निघाल्या. भैय्याजींनी टेबल मांडलं, खुर्ची मांडली, स्टाफरूमचं भिंतीवरचं घड्याळ काढून इथे लावलं. त्यामुळे तीन दिवस स्टाफरूममध्ये कोणाचाच तास वेळेवर संपला नाही. दारावर 'टाइम ऑफिस' अशी पाटी रंगवून घेतली. प्रमुख कोण, म्हणून प्राचार्यांनी विचारलं. भैय्याजी म्हणाले, समन्वयक आहेत ना, अस्मिता मॅडम.

"सर, मला तुमच्याशी थोडं बोलायचं आहे," अस्मिता म्हणाली.

"गुरुवारनंतर, मॅडम. गुरुवारनंतर काय वाटेल ते बोला."

जिन्यात हर्षा उभी होती. "मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी गप्प बसल्या असाल तर..." आणि मग तिने पदर नीट केला. "साडी कोणती नेसू गुरुवारी?" तिने विचारलं.

"ती निळी नेस," अस्मिता म्हणाली. हर्षासाठी गप्प बसलो की स्वतःसाठी, हे तिला तरी कुठे नीट सांगता आलं असतं? संकेतस्थळावर क्रमांक चाळीसच्या नावापुढे अजून 'शोध चालू' असं होतं. रोज सकाळी कामाला सुरुवात करण्याआधी ती ते एकदा उघडून पाहत असे. ते वाचायला वाईट नव्हतं.

गुरुवारी सुमती आगलावे बरोबर अकराला आल्या. पन्नाशीच्या, शांत, चष्मा कपाळावर ठेवून बोलणाऱ्या. टाइम ऑफिसच्या त्या खोलीत चार माणसं बसली की पाचव्याला श्वास घ्यायला बाहेर जावं लागे. आत पाच जण होते. सुमतीबाईंनी घड्याळ पाहिलं, पाटी पाहिली, ओल्या रंगाला लागलेलं आपलं बोट पाहिलं.

"छान," त्या म्हणाल्या. "पोरांनी ज्यांचा फोन नंबर दिलाय, तो धम्मानंद रामटेके यांच्या नावावर आहे. ते कुठे आहेत?"

"आज रजेवर आहेत," प्राचार्य म्हणाले.

"कसली रजा?"

"वैद्यकीय," प्राचार्य म्हणाले. त्याच क्षणी भैय्याजी म्हणाले, "गावाले गेले."

"गावाला दवाखाना आहे," हर्षा म्हणाली.

सुमतीबाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि फाइलचं पान उलटलं. "आणि तुमचा चाळिसावा विद्यार्थी, ज्याच्यासाठी समिती नेमली, जीप मौद्याला पाठवली, त्याचंही नाव धम्मानंद रामटेके."

"मॅडम, नागपुरात रामटेके लई," भैय्याजी म्हणाले.

"मोबाइल नंबरही तोच." त्यांनी कागद टेबलावर फिरवून प्राचार्यांसमोर ठेवला. "म्हणजे पोरांना रोज फोन करणारा तुमचा कर्मचारी आणि तुम्हाला दीड महिना न सापडणारा विद्यार्थी, दोघं एकच. सर, हे कसं काय?"

प्राचार्य कागदाकडे बघत राहिले. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी बरेच तपासणी अधिकारी परत पाठवले होते.

"आपलं धोरणच आहे ना, मॅडम," ते म्हणाले. "कमवा आणि शिका."

सुमतीबाई हसल्या. मनापासून हसल्या, त्यामुळे खोलीतला ताण एकदम सैल झाला. भैय्याजींनी पंख्याचा वेग वाढवला.

"खरं सांगू का," त्या म्हणाल्या, "मी तेवीस कॉलेजं पाहिली. सगळीकडे मागोवा आहे, यंत्र आहे, आलेख आहेत. पोरगं आज आलं नाही तर का आलं नाही, हे सकाळी सहाला फोन करून विचारणारा माणूस मला कुठे दिसला नाही. कर्मचारी असो की विद्यार्थी, मला त्यांना भेटायचं आहे. अभ्यासक्रमाचा निर्णय मी त्यानंतरच लिहीन. तुमचे चाळीस पूर्ण आहेत की नाहीत, तेही त्यांच्या तोंडूनच ऐकते. कधी येतील ते?"

"सोमवारी," प्राचार्य म्हणाले.

"सोमवारी पक्के," भैय्याजी म्हणाले. ते अस्मिताकडे पाहत नव्हते. इतक्या दिवसांत त्यांनी एकदाही तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं, हे अस्मिताच्या तेव्हा लक्षात आलं. निधनाची बातमी त्यांनीच ग्रुपवर टाकली होती. विहंगने त्यांना कळवताना बाबांचं पूर्ण नाव सांगितलंच असणार.

"सोमवारी," हर्षाही हळूच म्हणाली. तिने निळी साडी नेसली होती.

सुमतीबाईंनी वहीत तारीख लिहायला घेतली. तीन माणसांनी इतक्या खात्रीने सांगितलं, की क्षणभर अस्मितालाही वाटून गेलं, सोमवारी.

"नाही येणार," ती म्हणाली.

सुमतीबाईंचं पेन थांबलं. प्राचार्य खाकरले. "मॅडम म्हणतायत, तब्येतीमुळे कदाचित मंगळवार..."

"सर, मंगळवारीही नाही." अस्मिताचा आवाज वर्गात हजेरी घेताना असतो तेवढाच होता. "ते कॉलेजचे कर्मचारी नाहीत. हे ऑफिसही परवाच तयार झालंय. चाळीस हवे होते आणि एकोणचाळीस होते, म्हणून मी त्यांचं नाव भरलं. काही करायचं नाही, असंही सांगितलं होतं त्यांना. ते रोज सकाळी कोणाशी बोलतात, हे मी कधी विचारलं नाही. घराच्या गच्चीवरच बोलत असत."

हर्षा जागेवरून उठली आणि खोलीत दुसरीकडे जायला जागाच नसल्यामुळे अस्मिताच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"तुमचे कोण ते?" सुमतीबाईंनी विचारलं.

अस्मिताने टेबलावरची फाइल मिटली आणि त्यांच्याकडे सरकवली.

"एकोणचाळीस लिहा, मॅडम," ती म्हणाली. "माझे बाबा गेले."